गावरान कोंबड्यांची पैदास आणि पिसांच्या रंगाचा हिशेब

काळा कोंबडा, काळी कोंबडी आणि बारा पिल्लांत तीन तांबडी. असं झालं की पहिला संशय शेजारच्या कोंबड्यावर जातो. कधी तो खराही निघतो, पण बऱ्याचदा शेजाऱ्याचा कोंबडा बिचारा निर्दोष असतो आणि तांबडा रंग त्या काळ्या जोडीतच दडून बसलेला असतो. परसात किंवा शेतातल्या आखाड्यावर वीस-पंचवीस गावरान कोंबड्या पाळून त्यांची नीट पैदास करायची आहे आणि रंग असे का फिरतात तेही समजून घ्यायचं आहे, अशा नवख्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. कोंबड्याचा रंग बघून त्याच्यात काय काय आहे ते कळत नाही, त्याची पिल्लं बघून कळतं. म्हणून दाणा-पाण्याच्या आधी एक जाड वही विकत घ्या.

मराठवाड्यातली गावरान कोंबडी ही एकसाची जात नाही. तिच्यात असीलचं रक्त आहे, सरकारी केंद्रांतून वाटलेल्या ऱ्होड आयलंड रेड आणि गिरिराजचं आहे, कुठे पांढऱ्या लेगहॉर्नचं आणि अलीकडे कडकनाथचंही. म्हणून एका खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखालून पाच रंगांची पिल्लं निघतात. नवख्याला ही डोकेदुखी वाटते, शिकणाऱ्याला मात्र यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही.

पक्षी आणायचे कुठून

आठवडी बाजारातून पैदाशीचे पक्षी आणू नका. तिथं दहा गावांची कोंबडी एका डालग्यात कोंबलेली असते आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, अशीच घरी येते. वस्तीवर, तांड्यावर, आखाड्यावर जाऊन घ्या. तिथं पक्ष्याची आई दिसते, भावंडं दिसतात, घरधनीण सांगते की ही किती अंडी घालते, वर्षातून कितीदा खुडूक होते, मागच्या खेपेला किती पिल्लं जगवली. ही माहिती रंगापेक्षा दहापट मोलाची आहे. पैदाशीला तीन कोंबडे लागतील, ते तीन वेगळ्या गावांतले घ्या, एकाच घरचे भाऊ नकोत.

कावेरी, सोनाली, डीपी या नावांची संकरित पिल्लं सगळीकडे मिळतात आणि मोठी झाली की लांबून गावरानच दिसतात. अंड्यासाठी किंवा मटणासाठी ती पाळायला हरकत नाही. पैदाशीच्या कळपात मात्र ती मिसळली की पुढच्या पिढ्यांमध्ये खुडूक बसण्याची सवय पातळ होत जाते. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते, तिच्याकडून दोनशेची अपेक्षा करणारा चुकीच्या दुकानात आलाय. तिची खरी कमाई म्हणजे ती स्वतः अंडी उबवते, घारीपासून पिल्लं वाचवते आणि उकिरड्यावर आपलं पोट आपण भरते.

सुरुवातीला तीन कोंबडे आणि वीस ते चोवीस तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पुरेत. नवीन पक्षी तीन-चार आठवडे जुन्यांपासून लांब ठेवायचे, हे वेगळं सांगायला नको.

वाडे आणि तीन आठवड्यांची वाट

कळपाचे तीन वाडे करा आणि त्यांना नावं द्या: चिंचेचा वाडा, विहिरीचा वाडा, गोठ्याचा वाडा. आकड्यांपेक्षा नावं लक्षात राहतात. प्रत्येक वाड्यात एक कोंबडा, सात-आठ माद्या. जागा नसेल तर जाळीचे तीन कप्पेही चालतात, पण नर एकमेकांत जायला नकोत.

यानंतर नवखे नेमके घाई करतात. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं वीर्य दोन ते तीन आठवडे टिकतं. नवा नर आज सोडला आणि आठ दिवसांनी अंडी उबवायला ठेवली, तर त्यातली काही पिल्लं जुन्या नराची निघतात. मग वहीतला रंगाचा हिशेब फसतो आणि माणूस जनुकशास्त्राला शिव्या देतो. जुना नर काढल्यापासून किमान तीन आठवडे जी अंडी येतील ती खुशाल भुर्जीला घ्या. उबवणीसाठी त्यानंतरची.

अंडी निवडणं आणि बसवणं

मध्यम आकाराची, नीट घडणीची, स्वच्छ अंडी घ्या. धुऊ नका, धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. टोक खाली करून थंड जागी ठेवा आणि सात दिवसांच्या आत उबवायला लावा. मार्च संपला की आपल्याकडे घरातलंही तापमान तिशीपार जातं आणि अंड्यातला गर्भ अर्धवट वाढून मरतो. माठाशेजारी ओल्या वाळूच्या परातीत टोपली ठेवली तर अंडी बऱ्यापैकी टिकतात. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने वाड्याचं पहिलं अक्षर आणि तारीख लिहा. स्केचपेन नको.

बसवायचा हंगाम दिवाळी ते शिमगा. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा पिल्लांना ऊब जास्त लागते, पण ते जमवता येतं. मे महिन्यातल्या 43 अंशांत काहीच जमवता येत नाही. नराची फळवण्याची ताकद उन्हाळ्यात घटते, कोंबडी धापा टाकते म्हणून कवचं पातळ होतात आणि खुडूक बसलेली कोंबडी टोपलीतच दगावू शकते.

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा. टोपलीत खाली वाळू, वर गवत, मध्ये कडुनिंबाचा पाला, कारण उवा-पिसवा झाल्या की कोंबडी अंडी सोडून उठते. सातव्या रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी लावून अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडायचं, त्यावर अंड्याचा जाड भाग टेकवायचा. आत तांबड्या शिरांचं जाळं आणि मध्ये गडद ठिपका दिसला तर गर्भ वाढतोय. सगळं स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं वांझ, काढून टाका आणि वहीत मांडा. एका नराची वांझ अंडी सारखी जास्त निघत असतील, तर त्याचा रंग कितीही देखणा असला तरी तो नर बाद.

अंडी उबवायचं मशीन वापरत असाल तर पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 अंश सेल्सिअस, पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन-पाच वेळा फिरवायची, मग हात लावायचा नाही. आपली फेब्रुवारी-मार्चची हवा कोरडी, तेव्हा मशीनमधलं पाणी संपलेलं चालत नाही. 21 व्या दिवशी पिल्लं.

पहिल्या दिवसाची खूण आणि वही

पिल्लू वाळलं की त्याच दिवशी खूण करा. पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडायचा पंच पोल्ट्रीच्या दुकानात मिळतो. समोरच्या तीन बोटांमध्ये प्रत्येक पायाला दोन पडदे, म्हणजे एकूण चार. छिद्र आहे किंवा नाही, अशा हिशेबाने 16 वेगवेगळ्या खुणा होतात. प्रत्येक आईला एक खूण दिली की काम भागतं. रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या दिसायला सोप्या, पण पाय वाढतो तशा त्या बदलाव्या लागतात, विसरलात तर मांसात रुततात.

कोणतं अंडं कोणत्या कोंबडीचं हे नक्की हवं असेल, तर त्या कोंबडीला दहा दिवस नरासोबत वेगळ्या खुराड्यात ठेवण्याला पर्याय नाही.

वहीतली एक नोंद अशी दिसावी: चिंचेचा वाडा, तांबडा नर, आई काळी, पाय पिवळे, अंडी 12, वांझ 2, पिल्लं 9. पहिल्या दिवशी रंग: काळी 5, पाठीवर पट्टे असलेली 4. दोन महिन्यांनी: अमुक. सहा महिन्यांनी: अमुक. तिन्ही वेळा लिहायचं, कारण पिल्लाची लव आणि मोठ्या पक्ष्याची पिसं वेगळी असतात. पाठीवर खारीसारख्या रेघा असलेलं तपकिरी पिल्लू पुढे रानकोंबड्याच्या रंगावर जातं: नर तांबडा-काळा, मादी भुरकी. अंगावर काळं, पोटाशी पिवळट पांढरं असं पिल्लू काळ्या रंगावर जातं. त्याचं पोट पांढरं बघून ते चितकबरं होईल असं धरून चालू नका.

रंगाचं गणित: काळा आणि तांबडा

कोंबडीच्या पिसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात, काळं आणि तांबडं-पिवळं. बाकी सगळे रंग ही दोन कुठे, किती आणि कशी पसरतात यातून होतात. प्रत्येक जनुक जोडीने असतं, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत असली तरी जे आपला रंग दाखवतं ते प्रभावी. दोन प्रती जमल्याशिवाय जे दिसत नाही ते अप्रभावी.

काळा रंग सगळ्या अंगावर पसरवणारं जनुक रानकोंबड्याच्या मूळ रंगावर प्रभावी आहे. म्हणून काळ्या पक्ष्यात तांबडा लपू शकतो. दोन्ही काळे आईबाप एकेक लपलेली प्रत बाळगून असले, तर सरासरी चारातलं एक पिल्लू मूळ रंगाचं निघतं. सुरुवातीची बारातली तीन तांबडी पिल्लं अशी आली. उलट बाजूने मात्र हे होत नाही. दोन्ही आईबाप रानकोंबड्याच्या रंगाचे असतील आणि पिल्लू मोठेपणीही अंगभर काळंकुळकुळीत राहिलं, तर खुशाल शेजाऱ्याकडे जा.

एकच प्रत असलेला काळा नर ओळखायची एक खूण आहे, पक्की नाही पण कामाची: मानेच्या आणि पाठीच्या लांब पिसांवर तांबडी-सोनेरी झाक. उन्हात धरून बघा. मादीत ही झाक सहज दिसत नाही.

पांढरा

पांढरी कोंबडी म्हणजे चुना मारलेली भिंत, खाली कोणता रंग आहे ते वरून कळत नाही. आणि चुनाही दोन प्रकारचा. लेगहॉर्नकडून आलेला पांढरा प्रभावी असतो: पांढऱ्याला काळी जोडली की पिल्लं पांढरी, अंगावर तुरळक काळे ठिपके. हा प्रकार काळ्या रंगद्रव्याला जोरात दाबतो, तांबड्याला तेवढा नाही, म्हणून अशा संकरात छातीवर किंवा खांद्यावर तांबूस डाग उमटतात. दुसरा पांढरा अप्रभावी: त्याला रंगीत पक्षी जोडला की सगळी पिल्लं रंगीत, पांढरा कुठे दिसतच नाही आणि नातवंडांत अचानक चारात एक पांढरं निघतं. घरात पांढरी कोंबडी असेल तर आधी तिची एक वीण काळ्या नराची काढा, कोणता पांढरा ते आपोआप कळेल. रंगावर काम करायचं असेल तर पांढरा नर मात्र ठेवूच नका, असं माझं मत आहे. तो सगळा हिशेब झाकून टाकतो.

राखाडी

राखाडी-निळसर कोंबड्यांना सध्या हौशी लोकांत मागणी आहे आणि इथेच नवखे निराश होतात. राखाडी नर, राखाडी मादी जोडली की निम्मी पिल्लं राखाडी, पाव काळी आणि पाव मळकट पांढरी, त्यावर निळसर-काळे शिंतोडे. हा रंग काळ्याला अर्धवट फिका करणाऱ्या जनुकाच्या एकाच प्रतीमुळे येतो, दोन प्रती आल्या की शिंतोड्यांचा होतो. त्यामुळे राखाडीचा शुद्ध कळप होतच नाही, कितीही पिढ्या घालवा. पण शिंतोड्यांचा पक्षी फेकून देऊ नका. शिंतोड्यांचा आणि काळा जोडलात की सगळीच्या सगळी पिल्लं राखाडी.

फिकट राखाडीचा एक अप्रभावी प्रकारही असतो, तो मात्र शुद्ध टिकतो. त्यात रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा असतो, तर वर सांगितलेल्या राखाडीत पिसाच्या कडेला गडद रेघ आणि नराची मान गडद असते.

आडवे पट्टे आणि पहिल्याच दिवशी नर-मादी

या भागाचा पैशाशी थेट संबंध आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यात आईकडून. नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे कोंबडीचा एकमेव झेड फक्त तिच्या मुलांना जातो, मुलींना कधीच नाही.

पिसांवर आडवे पांढरे पट्टे पाडणारं जनुक याच झेडवर बसलेलं असतं. आता काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेली मादी आणि बिनपट्ट्याचा काळा किंवा तांबडा नर जोडा. आईचे पट्टे सगळ्या मुलांना जातील, मुली बिनपट्ट्याच्या राहतील. अंड्यातून निघाल्यावर पिल्लू वाळलं की उजेडात डोकं बघा: काळ्या लवेवर टाळूला पिवळट-पांढरा ठिपका असेल तर नर, टाळू सगळी काळी असेल तर मादी. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक मादी हा याचा जगभर वापरला जाणारा जोड आहे. आपल्या गावरान पट्टेवालीवरही तोच नियम चालतो. अट एवढीच की पिल्लांची लव काळी असायला हवी. खारीसारख्या रेघांच्या पिल्लात ठिपका नीट कळत नाही, आणि आईचा काळा एकाच प्रतीचा असून नर तांबडा असेल तर अशी पिल्लं निघतातच. शंका असेल तर नर काळाच घ्या.

जोड उलटा केलात, म्हणजे नर पट्ट्यांचा आणि मादी साधी, तर हा फायदा जातो. नराकडे पट्ट्यांच्या दोन प्रती असतील तर मुलगे-मुली सगळेच पट्ट्यांचे, एक असेल तर दोन्हींत निम्मे. दोन प्रतींचा नर ओळखायला सोपा आहे, त्याचे पांढरे पट्टे रुंद असतात आणि तो लांबून मादीपेक्षा फिका दिसतो.

चंदेरी आणि सोनेरी रंगाचंही असंच: चंदेरी मादी, सोनेरी नर, तर मुलगे चंदेरी आणि मुली सोनेरी.

कडकनाथ घरात आला की

झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मराठवाड्यातही गावोगाव कडकनाथचे कोंबडे आले. गावरान कोंबड्यांवर असा नर सोडला की काही पिल्लं काळ्या कातडीची, काही गोरी निघतात आणि विकणारा म्हणतो, काळी ती शुद्ध. नाहीत. ती अर्धीच आहेत, आणि का ते कळलं तर फसणार नाही.

कडकनाथची कातडी, मांस आणि हाडांवरचं आवरण काळं करणारं जनुक प्रभावी आहे. पण कातडीतला काळेपणा दाबणारं दुसरं एक जनुक झेडवर असतं आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत ते असतं. कडकनाथमध्ये ते नाही. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची मादी जोडली, तर मुलांना आईकडून दाबणारं जनुक मिळतं, ते उजळ होतात. मुलींना झेड फक्त बापाकडून येतो, दाबणारं काहीच नसतं, त्या काळ्या दिसतात. बाजारात शुद्ध म्हणून ज्या काळ्या तलंगा येतात त्यातल्या बऱ्याच अशा. उलट जोड केला, म्हणजे मादी कडकनाथ आणि नर शुद्ध पिवळ्या पायांच्या घराण्यातला, तर मुलगे-मुली दोघेही उजळ निघतात. गावरान मादीचे पाय आधीच काळपट असतील तर चित्र पुन्हा बदलतं, तेव्हा मादीच्या पायांचा रंग वहीत लिहायला विसरू नका.

शुद्धतेची खात्री रंगाने होत नाही.  आणि कडकनाथचं अंडं काळं असतं हे जर कोणी सांगत असेल तर तिथून निघा. ते फिक्या तपकिरी रंगाचं असतं.

पायांवरून आठवलं. पिवळी कातडी अप्रभावी आहे, म्हणजे दोन पिवळ्या पायांच्या पक्ष्यांची पिल्लं पिवळ्या पायांचीच होतात. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण हे पिवळ्या कातडीचं जनुक सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या घराण्यातून आलं, असं 2008 मध्ये जनुकांच्या तपासणीतून दिसलं. मका आणि हिरवा पाला कमी पडला तर पिवळे पायही फिके पडतात, एवढं ध्यानात ठेवा.

उघडी मान, उलटी पिसं

उघड्या मानेच्या कोंबड्यांना लोक नाकं मुरडतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी मला यापेक्षा चांगला पक्षी माहीत नाही. या जनुकाच्या एका प्रतीने अंगावरची पिसं 20 ते 30 टक्के कमी होतात, दोन प्रतींनी साधारण 40 टक्के, आणि तेवढी उष्णता बाहेर पडते. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुपका असेल तर एक प्रत, मान जवळपास पूर्ण उघडी असेल तर दोन. पिल्लू निघाल्या दिवशीच हे दिसतं. दोन प्रतींचा नर साध्या कोंबड्यांवर सोडला की सगळी पिल्लं झुपक्याची, म्हणजे उन्हाला बरी आणि हिवाळ्यातही गारठत नाहीत.

उलट्या पिसांची कोंबडी दिसायला गमतीची आणि उतारा काढणारे तिला वाटेल ती किंमत देतात. तो धंदा मला पटत नाही, पण पैदाशीचा नियम सांगतो: उलट्या पिसांचे दोन पक्षी एकमेकांना जोडू नका. दोन प्रती आल्या की पिसं ठिसूळ होऊन गळतात आणि पक्षी अर्धा उघडा पडतो. एक उलटा, एक साधा, एवढंच.

नर ठेवायचा कोणता

आता वही उघडा. नर निवडताना मी आधी वांझ अंड्यांचा आकडा बघतो, मग दोन महिन्यांपर्यंत जगलेली पिल्लं, मग त्याच्या आईची खुडूक होण्याची सवय, मग वजन आणि पाय. रंग सगळ्यात शेवटी.

तरी रंगाची खात्री करायचीच असेल, तर चाचणीचा जोड हा जुना उपाय आहे. काळ्या नरात तांबडा लपलाय का हे बघायला त्याला रानकोंबड्याच्या रंगाच्या माद्या द्या. लपला असेल तर सरासरी निम्मी पिल्लं त्या रंगाची होतील. सात पिल्लं निघाली आणि सगळी काळी, तर नर शुद्ध नसूनही केवळ नशिबाने असं होण्याची शक्यता 128 मध्ये एक. चार-पाच पिल्लांवर निकाल लावू नका. प्राण्यांतही मेंडेलचे नियम, म्हणजे वर सांगितलेलं प्रभावी-अप्रभावीचं गणित, चालतात हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसनने 1902 मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखवलं होतं, आणि त्याचं हत्यारही हेच, जोड लावणं आणि पिल्लं मोजणं.

नातं आता बघायला हवं. सख्ख्या बहीण-भावांचा किंवा बाप-मुलीचा जोड लावला की पिल्लांत अंतःप्रजनन 25 टक्क्यांवर जातं. पहिल्या खेपेला काही दिसत नाही, दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिल्लं कवचातच मरतात. रंग लवकर पक्का करायचा म्हणून लोक हेच करतात आणि चौथ्या वर्षी कळप मोडतात. तीन वाडे त्यासाठीच. मुली आईच्याच वाड्यात राहतात. दरवर्षी चिंचेच्या वाड्यातला नवा नर विहिरीच्या वाड्यात, विहिरीचा गोठ्याच्या, गोठ्याचा चिंचेच्या. दिशा बदलायची नाही. एवढ्याने बाहेरून नर न आणता बरीच वर्षं निघतात.

रोग आणि खाणं, थोडक्यात

राणीखेतची लासोटा किंवा एफ-वन लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, गंबोरो रोगाची लस पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची लस सहाव्या आठवड्याच्या सुमारास, राणीखेतचीच आर-टू-बी लस आठव्या आठवड्यात. लस बर्फावर आणायची, उन्हात बाइकच्या डिक्कीत ठेवून नाही. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवून घ्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं विचारायला लाजू नका.

घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. भाजून भरडून द्या. ज्वारी-बाजरीची कणी, पिल्लांना उधई, अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा. बुरशी लागलेला मका जनावरालाही नको आणि कोंबडीला तर मुळीच नको.

जादा नरांचं काय

निम्मी पिल्लं नर निघणार आणि त्यातले तीन-चारच ठेवायचे. हिशेब उलटा धरा: गावरान नर चार-पाच महिन्यांत विकायला येतो आणि भाव चढतो आषाढात. म्हणजे शेवटची मोठी वीण फेब्रुवारीत निघायला हवी. निवड झालेले नर खूण बघून बाजूला काढा आणि बाकीचे आखाड संपायच्या आत देऊन टाका. श्रावण लागला की गिऱ्हाईक फिरकत नाही आणि तोच नर महिनाभर फुकट दाणा खातो.